कुठल्या गटात राहायचं

हेलसिंकीच्या विमानतळावर कॉफीच्या रांगेत व्हेन्लाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडतच होतं.

"इर्या, विमान कंपन्यांचे तीनच मोठे गट आहेत बघ. एकाच गटाची विमानं धरली तरच पॉइंट साठतात."

"घे की कुठलाही, ताउनो."

"कुठलाही कसा? एका गटाने गेलं तर चिलीपर्यंत एकदाच विमान बदलायचं. दुसऱ्यात दोनदा, पण पॉइंट भराभर. तिसऱ्या खेपेला तुझं तिकीट फुकट!"

"तिसऱ्या खेपेला!"

"मग? आपली साना काय तिथून पळून जातेय? नातू शाळेत जायच्या आत दोन खेपा सहज होतील. काय गं, अशी काय बघतेस?"

"तिचा फोन आला होता."

"कधी? मला बोलली नाहीस."

"तू हे पॉइंटचंच वाचत बसला होतास. येऊ नका म्हणाली."

"या उन्हाळ्यात?"

"ताउनो..."

"बरं, नाताळात जाऊ. तिकडे तेव्हा ऊनही असतं."

"कधीच येऊ नका म्हणाली. तिच्या नवऱ्याला तू जे बोललास, ते ती विसरलेली नाही."

"माफी मागितली होती मी."

"मागितली नव्हतीस. मागेन म्हणाला होतास."

"अहो, पुढे सरका की!" मागून कुणीतरी ओरडलं.

ताउनो सरकला नाही. व्हेन्लाही जागची हलली नाही.

"इर्या, एका गटाचं असं आहे म्हणे... कितीही वर्षं प्रवास केला नाही, तरी पॉइंट बाद होत नाहीत."