दारावरचा पांढरा टॉवेल

मंडळी, नाकामुरा-सान, ओजिमाच्या या सभागृहात आपण एरवी दिवाळीला जमतो. आज साठेकाकांसाठी जमलो आहोत. बोलणं जमेल असं वाटत नाही. तरी बोलते, कारण रविवारच्या भूकंप-सरावाआधी एक गोष्ट ठरायला हवी.

काका मुंबईच्या बँकेतर्फे टोकियोला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. आपल्या इमारतीच्या रहिवासी मंडळाचे ते पहिले भारतीय अध्यक्ष. का झाले?

त्या मोठ्या धक्क्यानंतर आपण दारं लावून मैदानात पळालो. घरातले सुखरूप असतील तर दाराबाहेर पांढरा टॉवेल बांधायचा, ही इथली रीत. आपल्या भारतीय घरांपैकी एकाही दारावर टॉवेल नव्हता. लिफ्ट बंद. मंडळातले पंचाहत्तरीचे नाकामुरा-सान नऊ मजले चढले, आत कोणी अडकलंय का बघायला एकेक दार ठोठावत. आणि आपण खाली पुण्याला फोन करत होतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी मंडळात नाव दिलं. मग टॉवेलचं सांगत दारोदार फिरले. माझ्याकडेही आले.

मी म्हटलं, "हो काका, बांधू."

"आत्ता बांध."

"आत्ता? भूकंप कुठाय?"

"बँकेत जन्मभर ऐकलंय, सही नंतर करतो म्हणून. बांध."

मी लालभडक टॉवेल आणला.

"घरात लग्न आहे का? पांढरा आण!"

गेल्या गुरुवारी सकाळी लहानसा धक्का बसला. नऊही मजल्यांवर टॉवेल लागले. एक दार सोडून. त्या घराची किल्ली माझ्याकडे असते. नाकामुरा-सान आणि मी आत गेलो. काका खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, धक्क्याआधीच गेले होते.

कोणी म्हणालं, मग टॉवेलचा उपयोग काय? एकट्या माणसापाशी आपण तासाभरात पोचलो. हा उपयोग.

अध्यक्ष नसेल तर आपल्या इमारतीचा सराव बंद होणार. काल मी नाव दिलं. माझं जपानी ऐकून माझी मुलगी हसते. नाकामुरा-सान म्हणाले, "साठे-सानही चुकीचंच बोलायचे. पण रोज बोलायचे."

आज कोणीतरी काकांच्या दाराला टॉवेल बांधला होता. भावना कळली. मी तो सोडला. आत माणूस नसताना टॉवेल बांधायचा नाही. काका रागावले असते.

हा तो टॉवेल. टॉवेल नसलेलं दार ठोठावायला मला प्रत्येक मजल्यावर एक माणूस हवा. "विचार करून सांगतो" नको.

दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. त्यानंतर लगेच, बसण्याआधी, मला हात वर झालेले दिसू देत.