उसनी दिलेली शाळा

मंडळी,

आधी एक तक्रार नोंदवतो, दुःखाचं मग बघू. दुःखाला घाई नाही, ते आता मुक्कामालाच आलंय. तक्रार मात्र ताजी आहे.

या सभागृहात मला ज्या बाकावर बसवलं, त्याच्या डाव्या टोकाला एक खिळा वर आलाय. त्याने माझी पँट फाडली. टेरिकॉटची, याच दिवाळीला शिवलेली. तेव्हा मी तुमच्याकडे तोंड करून उभा आहे तो आदरापोटी, असं कृपा करून समजू नका. पाठ फिरवायची सोय राहिलेली नाही.

मुख्याध्यापिका कांबळे बाई लगेच उठल्या. "अहो, तिथे नका बसू. खुर्ची आणते. तो बाक कधीचा काढून टाकायचाय." मी म्हटलं, नको, मला हाच हवा. बाईंना वाटलं असेल, लेखक माणूस, थोडा सटकलेला असायचाच. तसं नाही, बाई. कारण आहे. सांगतो शेवटी.

मंडळी, बोलणं अवघड जातंय. मी दर आठवड्याला एक सदर लिहितो आणि त्यात जिवंत माणसांना ओरबाडतो. त्याची सवय आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचा सराव नाही. त्यात घाडी गुरुजींना कौतुक अजिबात सोसायचं नाही. कोणी सुरू केलं की म्हणायचे, "मेल्या, काम काय आसा, ता सांग."

काम एवढंच आहे, गुरुजी. तुमच्याबद्दल या मुलुंडात एक गोष्ट बोलली जाते. घाडी गुरुजींनी शाळा विकली. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी ती ऐकलीय आणि उरलेल्यांनी ती सांगितलीय. आज तुमच्या फोटोला हार घातलाय, पण ती गोष्ट हाराखाली झाकायची नाही. तिच्याबद्दलच बोलायला मी आलोय.

मागे काही तरुण आईबाप बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. नाल्यापलीकडे, मारुतीच्या देवळामागे, आज जिथे व्हिडिओ पार्लर आहे ना, तिथे गुरुजींची शाळा होती. पत्र्याच्या दोन खोल्या आणि चार इयत्ता. एका खोलीत दोन वर्ग, पाठीला पाठ लावून. इकडून बाराखडी, तिकडून पाढे. माझी मुलगी तिथेच शिकली. बरेच दिवस ती "बे एके का, बे दुणे कि" असं म्हणायची. फी ज्याला जमेल त्याने द्यायची. गिरण्या बंद पडल्यावर कोणालाच जमेना, तेव्हा गुरुजींनी मागायची सोडली. मास्तरणींचा पगार गणपतीच्या वर्गणीतून उरेल तसा व्हायचा. कधी व्हायचा, कधी गणपतीबरोबरच जायचा.

शाळेत नळ नव्हता. माठ होता. संडास नव्हता. देवळामागे झुडपं होती.

आणि मग ही शाळा आली. सरकारी खर्चाची, तीन मजली. हिच्यासाठी वस्तीने अर्ज केला होता, त्यावर पहिली सही घाडी गुरुजींची. मी म्हटलं होतं, "गुरुजी, आपल्याच चितेला लाकडं वाहताय." ते म्हणाले, "लाकडां ओली आसत रे. सरकारी आसत ना! पेटासर मी म्हातारो होतलंय."

पण पेटली. लवकर पेटली.

झालं काय, इमारत तयार झाली ऐन ऑगस्टात. जूनमध्ये सगळ्यांची पोरं कुठे ना कुठे दाखल झालेली. आणि उद्घाटनाला मंत्री ठरलेले. तीन मजले, रंग लावलेले वर्ग, प्रत्येक वर्गात पंखा, आणि त्या पंख्याखाली वारा घ्यायला एक पोर नाही.

आता आपल्या उपनगरातली एक रीत तुम्हाला ठाऊक आहे. मोठ्याने कोणी बोलत नाही, मी बोलतो. इन्स्पेक्शनच्या दिवशी शाळा एकमेकींना पोरं उसनी देतात. लग्नघरी शेजारचे पाट-तांबे नेतात, तशी. पटावर चाळीस, वर्गात पंचवीस, तर शेजारच्या शाळेतून पंधरा आणायची, पुढच्या महिन्यात त्यांना परत द्यायची. साहेबालाही ठाऊक असतं. तोच पोरगा त्याला तीन शाळांत भेटतो. साहेब विचारतो, "काय रे, बरा आहेस ना?" पोरगा म्हणतो, "हो साहेब, तुम्ही?"

तर, उद्घाटनाच्या आधी कांबळे बाई गुरुजींकडे आल्या. बाई गुरुजींच्याच विद्यार्थिनी, याच वस्तीत वाढलेल्या. मी तिथेच ओट्यावर चहा पीत होतो.

"गुरुजी, सोमवारी पोरं द्याल? एका दिवसापुरती."

"किती व्हयी?"

"सगळीच द्या ना. वर्ग रिकामे दिसले तर साहेब म्हणतील, इथे शाळेची गरजच नाही. मंजुरी काढून घेतील."

"आणि बसतली खंय?"

"बाकांचा ट्रक अजून आला नाही, गुरुजी."

गुरुजी हसले. "म्हणजे सुशी, इमारत तुझी, पोरां माझी, बाकां माझी. मंत्री तरी तुझो, की तो पण मीच पाठवू?"

आणि दिली. सोमवारी सकाळी मी ती मिरवणूक पाहिली. एकेका बाकाला चार-चार पोरं, नाल्यावरच्या फळीवरून तोल सांभाळत चाललीयत. पुढे गुरुजी, इस्त्रीचा सदरा घालून. वरातीत नवरीचा बाप असतो ना, तसे दिसत होते.

मंत्री आले, फीत कापली. भरलेले वर्ग बघून म्हणाले, बघा, किती गरज होती! टाळ्या पडल्या.

संध्याकाळी पोरं परत आली. पण आली ती बोलत आली. "गुरुजी, नळ फिरवला की पाणी येतं!" "गुरुजी, पंखा आपोआप थांबतो!" आपोआप म्हणजे वीज गेली होती. आणि पोरी आपसात एकच सांगत होत्या. वरच्या मजल्यावर मुलींसाठी वेगळा संडास आहे. त्याला दार आहे. दाराला आतून कडी आहे.

पोरं परत आली, बाक आले नाहीत. ते मागायला गुरुजी गेलेच नाहीत. कारण पुढच्याच आठवड्यात एकेक आई दारात येऊन उभी राहायला लागली.

"रागावू नका हां, गुरुजी. तिकडे पुस्तकं पण फुकट आहेत."

"रागावतंय कशाक गो? दाखलो देतंय. बस."

बसायला तिथे काही नव्हतं. उभ्याउभ्याच दाखले नेले. गुरुजींचं अक्षर सुंदर. शाळा मोडत होती आणि तिचा एकेक तुकडा वळणदार अक्षरात लिहून निघत होता.

खालच्या गल्लीतल्या शाळेचंही तेच झालं असतं. पण तिचे चालक हुशार. त्यांनी एका रात्रीत पाटी बदलली आणि इंग्रजी माध्यम केलं. बाई त्याच, फळा तोच. कालपर्यंत "खाली बस" म्हणायच्या, आता "सिट डाऊन" म्हणायला लागल्या. फी तिप्पट केली आणि गर्दी झाली. मी गुरुजींना म्हटलं, तुम्हीही बदला ना पाटी. म्हणाले, "पोरांक घरात शिव्या मराठीत घालतत. शाळेत तरी त्याच भाषेत कोणी गोड बोलूक नको?"

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा पहिलीच्या वर्गात कोणीच नव्हतं. दुसरीत दोन भाऊ होते, तेही आईला दाखला न्यायला वेळ झाला नव्हता म्हणून.

गुरुजींच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या पाटकर बाई आज इथे आल्यात. दाराशी उभ्या आहेत. बाई, आत या ना. नको? बरं.

त्या दिवशी पाटकर बाई रिकाम्या वर्गात उभ्या होत्या, आणि मी दारात होतो. बाई गुरुजींना म्हणाल्या, "तुम्ही पोरं नाही दिलीत उसनी. माझा पगार दिलात. मला विचारलं होतंत?"

गुरुजी फळा पुसायला लागले. मंडळी, मी आज गुरुजींची बाजू मांडायला उभा आहे, पण हा प्रश्न मी पुसणार नाही. नवी शाळा आली की बातमी छापून येते. जुनी शाळा बंद होते तेव्हा एक बाई घरी जाते आणि पापड लाटायला घेते. त्याची बातमी कुठे येते? पाटकर बाईंचा राग खरा आहे, आणि तो या हारांपेक्षा जास्त दिवस टिकेल.

पण विकली, हे खोटं. विकली म्हणायला काहीतरी घ्यावं लागतं. काय घेतलं गुरुजींनी? कांबळे बाईंनी त्यांना इथे शिक्षक म्हणून घ्यायची खटपट केली. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट नव्हतं. आयुष्यभर शिकवलं, पण शिकवता येतं याचा पुरावा नव्हता.

मी त्यांना सरळ विचारलं होतं. "गुरुजी, पोरं एकदा तिकडे गेली की येणार नाहीत, हे कळलं नव्हतं तुम्हाला?"

"न कळाक काय झोपलेलंय मी?"

"मग?"

यावर गुरुजी जे बोलले, ते आज सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. मघाशी कांबळे बाईंनी स्वतःच भाषणात सांगितलं की चौथीत असताना गुरुजींची छडी त्यांना बसली होती. तुम्ही हसलात, बाईही हसल्या. पण का बसली, ते बाईंनी सांगितलं नाही. बाई, मी सांगू?

मान हलवली त्यांनी. ठीक.

चौथीत ही मुलगी मधल्या सुट्टीत घरी पळून जायची आणि परत यायची नाही. रोज. गुरुजींना वाटलं, उनाड आहे. म्हणून मारलं, वर्गासमोर मारलं. ती रडली, पण का पळते ते बोलली नाही. दहा वर्षांची पोर गुरुजींना काय सांगणार? झुडपांमागे पोरगे दगड मारतात म्हणून? गुरुजींना ते कळलं पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या बायकोकडून. तोवर बाई डी.एड. होऊन नोकरीला लागल्या होत्या.

गुरुजी मला म्हणाले, "सुशी पोरां मागूक इली, तेव्हा मंजुरी-बिंजुरी मी काय ऐकलंय नाय. ती जाता जाता हळूच एवढाच म्हणाली, गुरुजी, मुलींसाठी वर वेगळी सोय केलीय, कडी लावून घेतलीय मी. मग मी काय नाय म्हणतलंय रे तिका?"

ही झाली शाळेची किंमत, मंडळी. एक कडी. आतून लागणारी.

त्यानंतरचं तुम्ही पाहिलंय. खोल्या पार्लरवाल्याने घेतल्या. गुरुजी समोरच्या ओट्यावर बसायचे. इथली घंटा नाल्यापलीकडे ऐकू जाते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मान वर करायचे, वर्ग पुन्हा भरल्याची झाली की खाली. गेल्या मंगळवारीही तसेच बसले होते. पार्लरात मारामारीचा सिनेमा चालू होता. दुपारचा खेळ सुटला, पब्लिक बाहेर आलं, त्यांच्यासमोरून गेलं. म्हाताऱ्याला डुलकी लागलीय असंच सगळ्यांना वाटलं. पानवाल्याने हाक मारली, तेव्हा कळलं. ज्या खोलीत त्यांनी पोरांना "अ" शिकवला, तिच्यातून ढिशूम-ढिशूम ऐकत माणूस गेला. मी उपहासाचा धंदा करतो, पण इतका वाईट विनोद मला लिहिता आला नसता.

आणि आता शेवटचं. या जूनमध्ये मी कांबळे बाईंना वस्तीत दारोदार फिरताना पाहिलं. पोरं शोधत होत्या. खालच्या गल्लीतल्या इंग्रजी शाळेची बस आता याच फाटकासमोर थांबते आणि इथली पोरं भरून नेते. पहिलीची एक तुकडी तुटायला आलीय. इन्स्पेक्शन जवळ आलंय. बाई, पोरं कोणाकडून आणणार उसनी? एकच माणूस होता, सगळीच्या सगळी देणारा. त्याची शाळा आपण केव्हाच घेऊन बसलोय.

आता तो बाक.

हा खिळा माझ्या ओळखीचा आहे, मंडळी. पालकसभेला गुरुजी मला मुद्दाम याच बाकाच्या डाव्या टोकाला बसवायचे. मी ओरडलो की म्हणायचे, "गावभर टोचत फिरतंस, तुका एक खिळो टोचलो तर बोंब? दगडान ठोकलो तर परत वर येता तो. पुढच्या खेपेक हातोडी घेऊन ये." मी म्हणायचो, आणतो. दरवेळी म्हणायचो. त्या सोमवारी हा बाक फळीवरून इकडे आला आणि ती खेप राहून गेली.

मघाशी मी शिपाईमामांकडून हातोडी मागून घेतलीय. ही बघा.

आपण सगळे आता गुरुजींसाठी उभे राहू. कोणी बोलू नका, घड्याळही पाहू नका. सगळे उभे राहतील, मी तेवढा खाली वाकेन. शांततेत दोन-चार ठोके ऐकू येतील. त्याबद्दल माफ करा. आणि पाटकर बाई, झाल्यावर हा बाक मोकळा आहे. तुमच्याच वर्गातला आहे.

गुरुजी, आणली हातोडी.

उठा, मंडळी.