जहाजावर पाठवायची गाणी

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर अनिल हेदवीच्या गाडीची वाट बघत होता. मागच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या.

"आई, हितेशसाठी प्लेलिस्ट करतेय. सगळी समुद्राची गाणी."

"जहाजावर त्याला दुसरं काय दिसतं गो? घरची घाल. भात लावतानाची, पालखीची, तुमच्या लग्नातली."

"घातली. अजून?"

"एखादा पाळणा घाल."

अनिलनं मुद्दाम वळून बघितलं नाही.

"त्याला अजून सांगितलं नाही मी. समोर आला की सांगणार होते."

"तो येईस्तोवर शिमगा उजाडेल, दिशा. ऐकेल नि समजेल. शेवटी ठेव."

"शेवटी नको, आई. तिथवर यायला त्याला फार वेळ लागेल. पहिलाच ठेवते."