सहा जणींना पुरलेला नोनीचा रस

हॅलो? … हॅलो, आई? … हो, हेईपुआच बोलतेय. दुसरं कोण उचलणार माझा फोन?

… अगं, ऐकू येतंय, ओरडू नकोस. वारा आहे इथे. ताहाआच्या किनाऱ्यावर उभी आहे, होड्या सगळ्या वाळूत लावल्यात… तुम्ही पोचलात ना बोरा बोराला? … बोट लागली का तुला? … एकदाच उलटी? मग बरीच सुधारलीस.

… काय? … हो, हो… सांगते ना. आई, बसतेय मी आज. … होडीत. माझ्याच जागेवर, तिसऱ्या. … अगं खरंच. तामातोआकाकांनी आत्ताच संघ जाहीर केला.

… नाही, काल अजिबात आशा नव्हती. रायातेआहून इथे लागलो तेव्हा हातांची लाकडं झाली होती. बोटं एकेक उघडून वल्हं काढून घ्यावं लागलं माझ्या हातातून. काका म्हणाले, सकाळी दोन्ही हात डोक्यावर गेले तर शर्यतीच्या शेवटच्या, बोरा बोराच्या टप्प्याला बसशील, नाहीतर तुझ्या जागी वाईतेआ. … हो, ती राखीवातली. बिचारी माझ्याकडे बघायचंसुद्धा टाळत होती.

… गेले ना! उठले, हात वर केले, गेले. दुखले, पण गेले. … रडू नकोस. … मीसुद्धा रडले, पण काकांच्या पाठीमागे.

… कशानं म्हणजे? तू पाठवलेल्या बाटलीनं.

… अगं ऐक तरी. काकांनी पापीतेहून वाटाण्याच्या प्रथिनांची पूड मागवली होती ना, डबेच्या डबे… हो, दुधाची आम्हाला सोसत नाही. गेल्या वर्षी दुधाची प्यायलो आणि भर समुद्रात अर्ध्या जणींनी… जाऊ दे, सकाळी सकाळी नको. म्हणून यंदा वनस्पतींची. सराव करून आलं की पेलाभर, नारळपाण्यातून. चव पुठ्ठ्यासारखी, पण दुसऱ्या दिवशी अंग उठायचं. तर ते डबे ठेवले आमच्या मागून येणाऱ्या मोटारबोटीत. कुठे माहितेय? माशांच्या बर्फाच्या खोक्यात. … हो ना, थंड राहतील म्हणे. पहिल्याच दिवशी खारं पाणी शिरलं, सगळा लगदा. … कुणी म्हणजे? काकांनीच. म्हणून तर कुणी चकार शब्द काढला नाही.

… मग काय, काल तुझी पिशवी उघडली. नोनीचा रस आणि नीरफणसाचं पीठ. … एकटी कशी पिणार? सहा जणी एका होडीत बसतो, एकीच्या पिशवीतलं ते सहा जणींचं. नियमच आहे. … पोएरानीनं झाकण उघडलं आणि नाक धरून बाहेर पळाली. म्हणाली, तुझ्या आईनं यात जुने मोजे मुरवलेत. … हसू नकोस. तीच नंतर बाटलीचं बूड चाटत होती. पीठ नारळाच्या दुधात शिजवलं, वर पिकलं केळं कुस्करलं, आणि सगळ्या मेल्यासारख्या झोपलो.

… काका म्हणतात, रसानं झालं की झोपेनं, देव जाणे. पण एक घोट त्यांनीही घेतला. मी पाहिलं.

… नाही, मला बोलू दे. एरवी मी तुझ्यावर खेकसते, हे पाठवू नकोस, ते पाठवू नकोस. आज तोंडभरून सांगते, तू होतीस म्हणून मी आज होडीत बसतेय. … अगं, 'राहू दे' काय? घे ना आभार. फुकट आहेत.

… आई? … काय म्हणालीस?

… 'मला नकोत' म्हणजे? … थांब. थांब जरा. तुझे गुडघे तुला दोन पायऱ्या चढू देत नाहीत. नोनीची फळं झाडावरून कुणी तोडली? … आणि त्या वासानं तर तुला मळमळतं. महिनाभर ती मुरवायची बरणी उन्हात कुणी सांभाळली?

… कोण?

… तेउरामावशी.

… नाही, आहे मी. ऐकतेय. बोल.

… रोज? नीरफणसाच्या फोडी वाळवायला ती छपरावर चढत होती? या वयात? … आणि माझं नाव सांगू नका म्हणाली. का पण? … 'ओतून देईल' म्हणाली?

… दिलंच असतं ओतून. खोटं कशाला बोलू? चार दिवसांची होते मी, तुझ्या ओटीत टाकलं तिनं. पुढची तिघं मात्र घरात ठेवली. … माहितेय गं, आपल्या बेटांवर सगळेच देतात. तुला मूल नव्हतं, तिनं बहिणीला दिलं. डोक्याला कळतं ते सगळं. पोटाला कळत नाही, त्याला काय करू? … छे, तुझ्याकडे कसली कमी? तू नसतीस तर मी कोण असते? तुझं देणं वेगळं आई, त्यात कुणाची वाटणी नाही.

… आता कुठे आहे ती? … तुझ्या शेजारी? … म्हणजे कालच्या बोटीनं तीही आली? आणि एवढा वेळ सगळं ऐकतेय? … बाई बाई.

… दे तिला फोन. … घेत नाही म्हणजे? म्हणावं, शंख वाजला की मला जावं लागेल. … दे गं.

… हॅलो? … मावशी? … श्वास ऐकू येतोय तुझा. नको बोलूस, मीच बोलते.

… हो, गेले वर. दोन्ही. … डावा जरा दुखतो. … नाही, कडू नव्हता. म्हणजे होता, कडूच होता. पण प्यायले मी. पीठही… हो, पोटभर. सहाही जणी पोटभर जेवलो तुझ्या हातचं.

… मावशी, रडून झालं की ऐक. तुझे आभार मानायची जिभेला सवय नाही, वळत नाही ती. पण मनापासून आहेत, एवढं समजून घे.

… आणि एक. आपल्यात म्हणतात ना, पोसते ती आई. तेवढ्यावरच तुला आजवर मावशी म्हणत आले, आणि मला ते बरोबरच वाटायचं. … मग काल मला पोसलं कुणी? … सांग ना. आता मी तुला काय म्हणू?

… शंख वाजला. पोरी होडी पाण्यात ढकलतायत, काका हाका मारतायत… आलेऽ… नको, आत्ता घाईघाईत नको सांगूस. आईला विचार, दोघी मिळून ठरवा. तिकडे उतरले की आधी तुझ्यापाशीच येणार आहे, विचारायला. … हो, वल्हं घट्ट धरीन. … ठेवते. ठेवते गं.