मैथिलीचं शून्य

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसानं आपली फजिती टाळत राहावी, की लवकर उरकून घ्यावी? — हसू नका! पुढं बसलेले आजोबा म्हणतात, टाळावी. बरं. मग ऐका.

एका तालुक्याच्या गावी मैथिली ढोबळे नावाची मुलगी होती. बारावी सायन्सला. पहिला नंबर कधी सोडला नाही पोरीनं! वडील भागवतराव यांचं बसस्टँडसमोर चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक यायचं चष्म्याला आणि जायचं लेकीचे मार्क ऐकून! मैथिली इंजिनियर होणार, हे सगळ्या गावाला पाठ. आता सांगा, अशा पोरीला सुखाची झोप लागेल?

इंजिनियरिंगच्या प्रवेशाची सीईटी जवळ आली. कॉलेजात कुलथेबाईंनी जाहीर केलं, रविवारी सराव परीक्षा. अगदी खऱ्यासारखी, कॉम्प्युटरवर, आणि निकाल वर्गात वाचून दाखवणार. झालं! मैथिली घाबरली. अभ्यासाची भीती नव्हती हो, भीती नंबराची होती. कमी पडले तर? दुसरं कुणी पुढं गेलं तर? बाबा दुकानात काय सांगतील?

रविवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. आईनं ओवा दिला. आता असलं दुखणं ओव्यानं जातं होय? पोरगी पांघरूण घेऊन पडून राहिली. तेवढ्यात बाईंचा फोन आला. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मैथिली, इथं पडलीस तर उचलायला मी आहे. तिथं, खऱ्या परीक्षेत, कोण आहे?"

उठली बिचारी. गेली. पेपर समोर आला आणि काय सांगू — सगळं येत होतं! उत्तरावर टिचकी मारायची, की लगेच बाजूच्या आकड्यांच्या चौकटीतून पुढचा प्रश्न उघडायचा. वेळेआधी पेपर संपवला. उगाच घाबरले, असं मनाशी म्हणत घरी आली आणि पोटभर जेवली.

सोमवारी निकाल. बाई वरून खाली नावं वाचत चालल्या. पहिलं नाव तिचं नाही, दुसरं नाही. अर्धा वर्ग संपला, तरी तिचं नाव येईना. शेवटचं नाव बाईंच्याच तोंडून निघेना. "मैथिली ढोबळे. शून्य."

शून्य, मंडळी! वर्ग हसला असता तरी बरं झालं असतं, पण कुणी हसलं नाही. सगळे नुसते तिच्याकडं बघत राहिले.

बाईंनी तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं. म्हणाल्या, काल केलंस तसंच करून दाखव. तिनं टिचकी मारली, पुढचा प्रश्न उघडला. बाईंनी तिथंच तिचा हात धरला. खाली बटण होतं, 'सेव्ह अँड नेक्स्ट'. ते पोरीनं एकदाही दाबलं नव्हतं! उत्तरं सगळी निवडली, जमा एकही झालं नाही. मशीनच्या लेखी तिनं एकही प्रश्न सोडवला नव्हता.

संध्याकाळी ती दुकानात गेली आणि वडिलांना सांगून टाकलं. भागवतराव हातातला चष्मा पुसत राहिले. पुसला, परत पुसला. मैथिलीला वाटलं, आता बाबा आपल्याकडं कधी बघणारच नाहीत. मग ते हळूच म्हणाले, "हे आज झालं ना? मग बरं झालं, बाळा." तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकानं विचारलं, की भागवतराव स्वतःच सांगायचे, शून्य मिळालं आमच्या पोरीला! आणि बटणाची गोष्ट ऐकवायचे.

खऱ्या परीक्षेला भीती गेली होती म्हणता? छे! होती तशीच होती. पण दर उत्तराला बोट त्या बटणावर जायचं, आणि उत्तर जमा होऊन चौकटीतला आकडा हिरवा झाल्याशिवाय ती पुढं सरकायची नाही. मार्क किती पडले? ते तुम्ही विचारणारच! इंजिनियर होतेय हो पोरगी, जीव भांड्यात पडू द्या.

पण आजोबा, आता तुमच्याकडं येतो. सेव्ह करणं म्हणजे काय हो? जतन करणं! इथं उभा राहून मी सांगतो, राग सोडा, तुम्ही मान डोलवता. उत्तर बरोबर निवडता! आणि घरी आमटीत मीठ जास्त पडलं, की सुनेवर ताट आपटता. हे कीर्तन म्हणजे सराव आहे, मंडळी. इथं शून्य मिळालं तर उचलायला मी आहे, शेजारी बसलेला आहे. पण तो वर बसलेला पेपर तपासेल, तेव्हा डोलावलेल्या माना मोजणार नाही. आज घरी जेवायला बसाल, तेव्हा बटण दाबा.