डोळे मिटून घेतलेले तीन श्वास

कुरवंड्याच्या ग्रामस्थांनो, मावशींच्या घरच्या मंडळींनो, रंजनाताई, या शोकसभेत तुम्ही मला बोलायला उभं केलंत. तुमच्या जागी मी असते, तर मला देवळाच्या पायरीवरूनच परत पाठवलं असतं. तरी बोलते.

रंजनाताई, हौसामावशी तुमच्या सासूबाई. आमच्या ध्यान केंद्रात त्या स्वयंपाक करायच्या आणि मी पाहुण्यांना शिकवते. काय शिकवते? जेवताना घासाकडे लक्ष द्या. चालताना पावलाकडे लक्ष द्या. राग आला, कुठे दुखलं, तर नुसतं पाहा, श्वास घ्या, जाऊ द्या. एवढ्यासाठी लोक लांबून लोणावळ्याला येतात. मावशींना हे कुणी शिकवलं नव्हतं. हातात भाकरी असली की त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "मन दुसरीकडं गेलं की भाकरीच सांगती, मॅडम. लगीच चिरती."

आणि त्यांचं लक्ष फक्त तव्यावर नसायचं. शिबिरात एक मुलगी तीनदा भरलं ताट टाकून उठली. आम्हा शिकवणाऱ्यांना दिसलं? नाही. मावशींना दिसलं. त्या मऊ भात कालवून तिच्याजवळ जाऊन बसल्या. माझे वडील दवाखान्यात होते, मी कुणाला सांगितलं नव्हतं. मावशींनीच विचारलं, "आवाज बसलाय तुमचा. घरी काय झालंय?"

आणि मी त्यांना काय दिलं, ते ऐका.

सोमवारी त्या म्हणाल्या, "मॅडम, छातीत लय जड वाटतंय. हात बी भरून येतोय. दोन दिस सुट्टी मिळंल का, जरा इचारा की." मी व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, शिबिर संपू दे. मी भांडले? नाही! मावशींना खुर्चीवर बसवून मी म्हटलं, "कळ आली की तिच्याकडे नुसतं पाहा. लांब श्वास घ्या. येईल आणि जाईल." त्या म्हणाल्या, "व्हय, मॅडम." माझ्यावर विश्वास ठेवला हो त्यांनी. गाडीत घालून डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी त्यांना श्वास घ्यायला सांगितला!

आमच्याकडे एक पद्धत आहे. दिवसातून काही वेळा घंटा वाजते. ती वाजली की जो जिथे असेल तिथे थांबतो, डोळे मिटतो आणि तीन श्वास घेतो. पाहुणे, माळी, स्वयंपाकघरातली माणसं, सगळे. गुरुवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून घंटा मीच वाजवली. डोळे मिटले. पहिला श्वास घेतला. स्वयंपाकघरात पातेलं पडलं. आवाज आला तर येऊ द्या, हेही मीच शिकवते. दुसरा श्वास. मी हलले नाही. तिसरा श्वास. मग डोळे उघडले. मावशी मोरीपाशी पडल्या होत्या आणि त्यांच्या बाजूला चार माणसं डोळे मिटून उभी होती.

काल केंद्राचा संदेश मोबाईलवर फिरला. ‘घंटेच्या शांततेत, प्रसन्न मनाने मावशींनी देह ठेवला.’ व्यवस्थापक साहेब, तुम्ही मागे बसला आहात, तुम्हालाच विचारते. कुणी पाहिली ती प्रसन्नता? सगळ्यांचे डोळे तर मिटलेले होते!

त्यांच्या नावाने ध्यानकुटी बांधणार म्हणे. बांधू नका. आजारी माणसाला त्याच दिवशी रजा आणि त्याच दिवशी डॉक्टर, एवढं स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहा आणि पाळा. तोवर मी त्या घंटेला हात लावणार नाही. मला राग आलाय. तुमच्यावर आलाय, त्याहून जास्त माझ्यावर आलाय. आणि हा राग मी जाऊ देणार नाही.

रंजनाताई, माफी मागायला मला तोंड नाही. मावशी, तुम्हाला हात जोडते.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं गप्प राहायचंय. फक्त एक करा, डोळे मिटू नका. आपल्या शेजारच्याकडे बघा. चेहरा उतरलाय का, हात छातीवर गेलाय का, नीट बघा. आणि तसं काही दिसलं, तर दोन मिनिटं संपायची वाट बघू नका.