देव्लेताबाईंकडची कॉफी

व्यासपीठावरील आदरणीय अध्यक्षा मेव्लिदाबाई, त्यांच्या शेजारी विराजमान झालेले आपले नगराध्यक्ष, आणि पुढे इतक्या खुर्च्या रिकाम्या असताना मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे आरोग्य केंद्रातले सहकारी, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मघाशी माझ्या संपर्कजाळ्याचं भरभरून कौतुक केलं. खरं सांगू? ते जाळं पहिल्यांदा कागदावर काढलं तेव्हा अगदीच फाटकं निघालं. डांग्या खोकल्याची साथ होती, तान्ही पोरं खोकून खोकून निळी पडत होती. आम्ही घरोघर विचारायचो, कोण कुणाला भेटलं? माणसाचा ठिपका, भेटीची रेघ. बायका शपथेवर सांगायच्या, कुणाकडे गेले नाही, कुणी आलं नाही. खोटं नव्हत्या बोलत हो. आपल्या बोस्नियात शेजारणीकडे कॉफीला जाणं ही भेट थोडीच असते?

मग मी प्रश्न बदलला. कॉफी कुठे प्यायलात? झालं, रेघाच रेघा! आणि बहुतेक सगळ्या पुलाजवळच्या देव्लेताबाईंच्या ठिपक्यात शिरत होत्या. नवरा नाही, मूल नाही, सकाळपासून दार उघडं. तरण्या आया तान्ह्यांना घेऊन तिथेच बसायच्या. शाळा नको, बाजार नको, ते एक दार बंद केलं की साथीची वाट तुटत होती. सांगायला मात्र माझी जीभ रेटेना.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘पोरं वाचतील ना?’’

वाचतील, म्हटलं.

‘‘मग निघा तुम्ही. नाहीतर कॉफी पिऊनच जाल.’’

साथ ओसरली, पोरं वाचली. दार उघडा, हे सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी उघडलं, पण कुणी आलं नाही. बायका आता दोघी-दोघी मिळून आपापल्या घरीच कॉफी पीत होत्या. दोष कुणाचाच नाही, सवय मोडली ती मोडली. बाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, तुमच्या कागदावर माझ्याकडे एखादी तरी रेघ येते का हो आता?’’

मी कॉफीला बसलो. मग रोजच काम सुटल्यावर बसत गेलो. मला तरी घरी कोण होतं?

यंदा वसंतात बाई गेल्या. तेव्हापासून संध्याकाळ खायला उठते. दिवसभर तुम्ही असता म्हणून निभतं. आज निवृत्त झालो, सोमवारपासून तुम्हीही नाही. अशा प्रसंगी हे बोलणं शोभत नाही, कळतं मला.

आपण सर्वांनी वेळ काढलात, मनापासून आभार. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि हो, सध्या साथ वगैरे काही नाही. दवाखान्यामागे, तिसऱ्या मजल्यावर राहतो मी. कॉफी बरी जमते मला.